लघुलहरींवर स्टेशन का लागत नाही?

माळ्यावरचा जुना रेडिओ पुसून-झटकून सुरू केला किंवा हौसेने नवा आणला, पट्टा एसडब्ल्यूवर नेला, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि खरखरीखेरीज काहीही ऐकू आले नाही, हा लघुलहरींच्या नवशिक्या श्रोत्याचा बहुधा पहिला अनुभव असतो. त्यावरून निघणारे निष्कर्षही ठरलेले असतात : रेडिओ बिघडला आहे, किंवा लघुलहरींचे प्रक्षेपण आता बंदच झाले आहे. पुष्कळदा हे दोन्ही निष्कर्ष चुकतात. प्रक्षेपण केंद्रापासून कानापर्यंतच्या वाटेवर चार टप्पे आहेत : केंद्र, आकाश, घराचा परिसर आणि संच. शहरी घरात दोष बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यात असतो, आणि शोध मात्र चौथ्यापासून सुरू होतो. संच उघडण्यापूर्वी आधीचे तीन टप्पे तपासले, तर बरेचसे संच उघडावेच लागणार नाहीत.

लघुलहरी आणि मीटरचे पट्टे

३ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरींना लघुलहरी म्हणतात. त्यांची तरंगलांबी १०० ते १० मीटर असते. ‘लघु’ हे नाव मध्यमलहरींच्या तुलनेत पडले. एफएमच्या साधारण तीन मीटर लांबीच्या लहरींपुढे त्या लांबच आहेत. मीटर आणि मेगाहर्ट्झ यांचे नाते सोपे आहे. ३०० ला एका संख्येने भागले की दुसरी मिळते. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईतून गुप्तपणे चालवत असलेले काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर होत असे. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०८५ मेगाहर्ट्झ, अर्थात ७०८५ किलोहर्ट्झ. जुन्या रेडिओच्या काचेवर मीटर छापलेले असत, आजच्या वेळापत्रकांत किलोहर्ट्झ असतात. हा एक भागाकार येत नसल्यामुळे अनेकांचा काटा चुकीच्या जागी फिरत राहतो. प्रसारण केंद्रे सगळीकडे विखुरलेली नसतात, ठरावीक पट्ट्यांत एकवटलेली असतात. ४९ मीटरचा पट्टा ५९०० ते ६२०० किलोहर्ट्झ, ४१ मीटरचा ७२०० ते ७४५०, ३१ मीटरचा ९४०० ते ९९००, २५ मीटरचा ११६०० ते १२१००, आणि १९ मीटरचा १५१०० ते सुमारे १५८००. या पट्ट्यांच्या मधल्या मोठमोठ्या जागांत साध्या रेडिओला ऐकण्यासारखे फारसे काही नसते.

आयनांबराचे काम

लघुलहरी हजारो किलोमीटर जातात त्या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागामुळे. सूर्याचे अतिनील आणि क्ष किरण तिथल्या अणुरेणूंचे आयनीभवन करतात, म्हणून त्याला आयनांबर हे नाव. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर डी थर, त्याच्या वर ई थर आणि १५० किलोमीटरच्या पुढे एफ थर असतो. लहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवण्याचे मुख्य काम एफ थराचे. अशा एका उडीत लहर जास्तीत जास्त सुमारे ४००० किलोमीटर जाते, जमिनीवरून परावर्तित होऊन पुन्हा वर जाते आणि पुढची उडी घेते. डी थराचे काम उलट आहे. तो लहरी परत पाठवत नाही, शोषतो. वारंवारता दुप्पट झाली की हे शोषण ढोबळमानाने एक चतुर्थांशावर येते, म्हणजे फटका बसतो तो मुख्यतः खालच्या वारंवारतांना. सूर्य मावळल्यावर डी थर झपाट्याने विरतो. एफ थर मात्र क्षीण होत का होईना, रात्रभर टिकतो. नवशिक्याला गोंधळात टाकणारी बहुतेक कोडी एवढ्या माहितीवर सुटतात.

उडी घेणाऱ्या लहरीचा आणखी एक परिणाम असा, की केंद्राच्या अगदी जवळ जमिनीलगत जाणारी भूलहर पोचते आणि खूप दूर आकाशातून आलेली लहर उतरते, पण मधला प्रदेश कोरडा राहतो. चारशे किलोमीटरवरचे १५ मेगाहर्ट्झचे केंद्र लागत नाही आणि त्याच पट्ट्यात चीनमधले केंद्र खणखणीत लागते, यात विसंगती काही नाही.

दिवसाचा पट्टा, रात्रीचा पट्टा

यातून निघणारा नियम महाराष्ट्रातही तसाच लागू पडतो. भर दुपारी ४९ किंवा ४१ मीटरवर काटा फिरवला तर डी थर दूरचे बहुतेक संकेत गिळून टाकतो. त्या वेळी १९ आणि १६ मीटरचे पट्टे ऐकावेत. संध्याकाळी २५ आणि ३१ मीटर भरून येतात. रात्री ३१, ४१ आणि ४९ मीटरवर केंद्रांची दाटी होते आणि १९ मीटरच्या वरचे पट्टे पुष्कळदा निर्जीव होतात, कारण क्षीण झालेला एफ थर त्या वारंवारता परत वळवू शकत नाही, त्या अवकाशात निघून जातात. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपासचा तास सर्वांत समृद्ध असतो. दुपारच्या फावल्या वेळेत रेडिओ तपासून तो निकामी ठरवणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे.

केंद्र सुरू आहे का

वडिलांच्या काळातली स्टेशने शोधणे हा आणखी एक सापळा. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ हा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा भारतातल्या घराघरांत लघुलहरींचा पट्टा लावला जाई. तो काळ गेला. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरचे प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि आकाशवाणीनेही लघुलहरींवरचे अनेक प्रक्षेपक बंद केले. तरीही चीन, तुर्कस्तान, रोमानिया आणि इतर काही देशांची प्रसारणे सुरू आहेत. आंतरराष्ट्रीय वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून सहा महिन्यांपूर्वी टिपून ठेवलेली वारंवारता आज रिकामी सापडू शकते. वेळा जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात; १४:०० असे छापलेले प्रसारण भारतात संध्याकाळी साडेसातला सुरू होते. शिवाय प्रत्येक प्रसारणाचा रोख एका विशिष्ट प्रदेशाकडे असतो. पश्चिम आफ्रिकेसाठी सोडलेला संकेत पुण्यात क्षीण आला तर त्यात पुण्यातल्या रेडिओचा दोष नाही.

केंद्र खरोखर सुरू आहे का, हे तपासायला इंटरनेटवरून चालवता येणारे दूरस्थ रेडिओ उपयोगी पडतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा असा संच सर्वांना खुला आहे. तिथे केंद्र ऐकू आले तर प्रक्षेपण चालू असल्याचे सिद्ध होते. न आल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण युरोपवरचे आकाश आणि महाराष्ट्रावरचे आकाश वेगळे. आकाशाचा अंदाज घेण्यासाठी चीनच्या बीपीएम या कालसंकेत केंद्राचा चांगला उपयोग होतो. ५००० आणि १०००० किलोहर्ट्झवर ते सेकंदासेकंदाला टिकटिक पाठवते. त्यातली कोणती वारंवारता कोणत्या वेळी ऐकू येते यावरून पूर्वेकडच्या वाटा कशा आहेत ते कळते.

घरातला गोंगाट

इथे खरा मुद्दा येतो. स्पष्ट ऐकू येणे हे संकेताच्या बळावर अवलंबून नसते, संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर असते. वाल्व्हच्या रेडिओच्या काळात अनेक घरांत भिंतीलगत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे आणि तेवढ्या एरियलवर दूरदूरची केंद्रे लागत. आज तीच पट्टी तशीच ताणली तरी तसे ऐकू येणार नाही. लहरी तेव्हा पोचत होत्या तशाच आताही पोचतात, पण तेव्हाच्या घरात साधे पिवळे दिवे आणि पंखा एवढीच वीज होती. आजच्या घरात मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, ट्यूबलाइटचे इलेक्ट्रॉनिक चोक अशी डझनभर उपकरणे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे परिपथ असतात. विजेची अशी तुटक उघडझाप म्हणजे एक छोटा प्रक्षेपकच. एखादा चार्जर ६० किलोहर्ट्झने उघडझाप करत असेल, तर त्याच्या पटीत, म्हणजे दर ६० किलोहर्ट्झवर, लघुलहरींच्या पट्ट्यात गुरगुर उमटते. काटा सावकाश सरकवताना सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा तोच आवाज आला, तर तो आकाशातून आलेला नाही हे नक्की समजावे.

पंख्याचा रेग्युलेटर हे यातले एक बोलके उदाहरण. अखंड फिरणाऱ्या गुंडीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक अर्धलहर मध्येच कापतो. ५० हर्ट्झच्या विजेत अशा अर्धलहरी सेकंदाला १०० असतात, त्यामुळे रेडिओवर १०० हर्ट्झची जाड घरघर येते, आणि पंखा मंद केला की बहुधा ती वाढते. एक-दोन-तीन-चार अशा टप्प्यांचा, कपॅसिटर वापरणारा रेग्युलेटर हा त्रास जवळजवळ देत नाही. दोन खोल्यांत दोन प्रकारचे रेग्युलेटर असतील तर हा फरक पाच मिनिटांत कानाने पडताळता येतो.

विजेने मोजमाप बिघडण्याची अडचण मुंबईला फार जुनी आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची कुलाबा वेधशाळेत होणारी नोंद १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली, कारण मुंबईतल्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले होते आणि त्या प्रवाहांमुळे सूक्ष्म चुंबकीय नोंदी निरुपयोगी ठरल्या असत्या.

मेन स्विचची चाचणी

घरातला गोंगाट ओळखण्याची पद्धत एकच आणि खात्रीची आहे. रेडिओ सेलवर चालवावा. ॲडॉप्टर लावू नये, कारण अनेकदा तोच गुन्हेगार असतो. एखादे क्षीण केंद्र किंवा नुसती खरखर लावून ठेवावी आणि घराचा मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, नाहीतर निम्मी उपकरणे चालूच राहतात आणि चाचणी फसते. खरखर एकदम खाली बसली तर दोष घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक उपकरण जोडत जावे आणि प्रत्येक वेळी ऐकावे. बटण बंद असले तरी काही उपकरणे आतून जागी असतात, म्हणून प्लग सॉकेटमधून काढणे हेच खरे बंद करणे. दोषी सापडल्यावर तो बदलावा, दूर न्यावा किंवा ऐकण्याच्या वेळेपुरता काढून ठेवावा. त्याच्या वायरीवर फेराइटची कडी बसवून चार-पाच वेढे घेतल्यास गोंगाट बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. रेडिओ हातात घेऊन घरभर फिरल्यासही तो शोधयंत्रासारखा वागतो : चार्जरपासून हातभर अंतरावर घरघर कानठळ्या बसवते, दोन मीटरवर ती विरते.

घराबाहेरून येणारा त्रास

मेन बंद करूनही आवाज तसाच राहिला तर त्याचा उगम शेजारी किंवा रस्त्यावर आहे. वेळेवरून पुष्कळ कळते. उजाडताच सुरू होऊन मावळतीला थांबणारी घरघर गच्चीवरच्या सौर यंत्रणेची असण्याचा संभव मोठा. दिवेलागणीला सुरू होणारी रस्त्यावरच्या दिव्यांची. विजेच्या खांबावरच्या धूळ साचलेल्या किंवा तडकलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर बारीक ठिणग्या पडत राहतात. हा कोरड्या हवेतला कडकडाट जोराच्या पावसाने इन्सुलेटर धुतले गेले की काही दिवस नाहीसा होतो. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर साचतो आणि दमट रात्री हाच त्रास वाढतो. मे महिन्यातल्या वळिवाच्या दिवसांत मात्र कारण आणखी वेगळे असते. शेकडो किलोमीटर दूरच्या विजांचे तडतडणे खालच्या पट्ट्यांवर सतत ऐकू येते, आणि त्यावर वरचा पट्टा निवडण्याखेरीज इलाज नाही.

भिंत, खिडकी आणि एरियल

सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत लोखंडी सळयांची जाळी चारही बाजूंनी असते. मीटरांत मोजल्या जाणाऱ्या लहरींना ही जाळी बऱ्याच अंशी अडवते. परिणामी बाहेरचा संकेत आत कमी येतो आणि घरातला गोंगाट मात्र आतच कोंडलेला राहतो. पत्र्याच्या छपराखाली तर आणखी वाईट स्थिती. म्हणून रेडिओ खिडकीत किंवा गॅलरीत नेणे हा पहिला आणि फुकटचा उपाय आहे. मध्यमलहरींवर रेडिओ गोल फिरवल्यास संकेत सुधारतो, कारण त्यांचे एरियल ही आतली फेराइटची कांडी असते. लघुलहरींवर बहुतेक संचांत ती कांडी वापरात नसते, बाहेरची दुमडती काठीच काम करते, त्यामुळे फिरवण्यापेक्षा जागा बदलण्याचा उपयोग अधिक.

काठीला चिमट्याने पाच ते दहा मीटर साधी प्लास्टिकवेष्टित तांब्याची तार जोडली की संकेत स्पष्टपणे वाढतो, मात्र ती तार घराबाहेर गेली तरच. खोलीतल्या खोलीत, विजेच्या वायरिंगला समांतर ताणलेली तार संकेताबरोबर गोंगाटही तितकाच वाढवते. जास्त लांबी म्हणजे जास्त चांगले, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. लहान संचाला तीस मीटर तार जोडली तर त्याचे पहिले परिपथ प्रबळ संकेतांनी भरून वाहतात, आणि जवळचे मध्यमलहरींचे केंद्र लघुलहरींवर जिथे-तिथे ऐकू येऊ लागते. मग तार अर्ध्यावर आणावी किंवा संचावर ‘लोकल’ हा खटका असेल तर तो वापरावा. तार विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नये. ढग दाटून येताच ती रेडिओपासून सोडवून बाहेर ठेवावी. दूरवर पडलेल्या विजेनेही संचातला पहिला ट्रान्झिस्टर जळू शकतो. जिथे बाहेर तार नेणे शक्यच नाही तिथे खिडकीत ठेवायचे कडीच्या आकाराचे एरियल बरे, कारण ते फिरवून गोंगाटाची एखादी दिशा गाळता येते.

काट्याची अडचण

स्वस्त संचात ७ ते २२ मेगाहर्ट्झचा सगळा पसारा पुष्कळदा साडेसात सेंटिमीटरच्या पट्टीवर बसवलेला असतो. हिशेब केला तर एका मिलिमीटरमध्ये २०० किलोहर्ट्झ येतात. दोन केंद्रांतले किमान अंतर ५ किलोहर्ट्झ असल्यामुळे काट्याच्या जाडीएवढ्या जागेत चाळीस केंद्रांची सोय झाली, आणि २५० किलोहर्ट्झचा अख्खा ४१ मीटरचा पट्टा सव्वा मिलिमीटरमध्ये संपला. गुंडी नेहमीच्या वेगाने फिरवणारा श्रोता हा पट्टा ओलांडून जातो आणि त्याला ते कळतही नाही. केसभर सरकवून थांबावे, पाच-दहा सेकंद ऐकावे, मग पुन्हा केसभर. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल संचात ही अडचण नाही, तिथे वारंवारता थेट देता येते. मात्र त्यांतले काही संच संकेत क्षीण होताच आवाज आपोआप दाबतात, त्यामुळे आवाज खाली गेला म्हणजे केंद्र गेले असे समजून पुढे जाऊ नये.

आवाजावरून निदान

लाटेसारखा वर-खाली होणारा आवाज हा दोष नाही. एकाच केंद्राची लहर दोन-तीन वाटांनी येते, त्या कधी एकमेकींना पूरक ठरतात, कधी मारक, आणि आवाज फाटल्यासारखा होऊन पुन्हा नीट होतो. संथ, एकसुरी शीळ येत असेल तर जवळजवळ दोन केंद्रे आहेत; ग्रहणाची रुंदी कमी करण्याची सोय असल्यास ती वापरावी. ७००० ते ७२०० किलोहर्ट्झच्या दरम्यान बदकासारखे, न कळणारे बोलणे आले तर ते हौशी रेडिओचालकांचे असते. त्यांच्या एसएसबी प्रकारच्या प्रक्षेपणात मूळ वाहक लहर दडपलेली असते आणि ते समजण्यासाठी एसएसबीची सोय असलेला संच लागतो. सुमारे १० किलोहर्ट्झ रुंदीचा, अगदी सपाट, कडा धारदार असलेला फुसकारा म्हणजे बहुधा डीआरएम पद्धतीचे डिजिटल प्रसारण. आणि एकच केंद्र दोन ठिकाणी लागत असेल, ती दोन ठिकाणे ९१० किलोहर्ट्झ अंतरावर असतील, तर खालच्या जागी बहुधा त्याची प्रतिमा आहे. आलेला संकेत आधी ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या वारंवारतेत बदलून घेणाऱ्या साध्या संचाची ही रचनेतली मर्यादा, बिघाड नव्हे.

संच खरोखर बिघडला असेल तर

मोकळ्या मैदानात, संध्याकाळी, नव्या सेलवर, ३१ मीटरच्या पट्ट्यात ही परीक्षा घ्यावी. काठी पूर्ण दुमडून खरखर ऐकावी, मग पूर्ण लांब करावी. चांगल्या संचात खरखर वाढते किंवा तिचा पोत बदलतो. काहीच बदलले नाही तर काठी आणि परिपथ यांमधला दुवा तुटला आहे. तो दुवा म्हणजे काठीच्या बुडाचा स्क्रू आणि त्याला डाखलेली छोटी वायर; काठी वर्षानुवर्षे वाकवून-वळवून ती वायर तुटते, आणि ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. पट्टा बदलण्याचा खटका गंजला असेल तर तो पंधरा-वीस वेळा मागे-पुढे केल्यास बरेचदा मार्गी लागतो. मध्यमलहरी आणि एफएम उत्तम, पण लघुलहरी पूर्ण मुक्या असतील तर पहिला ट्रान्झिस्टर गेल्याचा संशय घ्यावा. सेल उतरल्याची खूण वेगळी असते, आवाज वाढवला की केंद्र सरकते.

सूर्याचे दिवस

सूर्यावरच्या डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये ते ऐन भरात होते. डाग अधिक असतात तेव्हा एफ थर सशक्त असतो, १६ आणि १३ मीटरसारखे वरचे पट्टे उघडतात. पण सौरज्वाळाही वारंवार उठतात. ज्वाळेचे क्ष किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात, दिवस असलेल्या बाजूचा डी थर एकाएकी दाट करतात, आणि खालच्या पट्ट्यांपासून सुरुवात होऊन सगळा पट्टा काही मिनिटे ते तास-दोन तास मुका होतो. भूचुंबकीय वादळाचा परिणाम याहून लांबतो. १० मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्ले इथल्या कॅमेऱ्यांनी ध्रुवीय प्रकाशाची लाली टिपली. अशा एक-दोन दिवसांत कोणत्याही संचाची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो.

नोंदवही

तारीख, वेळ, वारंवारता, हवा, आणि आवाजाचे दोन शब्दांत वर्णन, एवढी नोंद महिनाभर ठेवली तर वर सांगितलेली कारणे आपोआप वेगळी होऊ लागतात. सगळ्याच पट्ट्यांवर दररोज रात्री आठला सुरू होऊन साडेदहाला थांबणारी घरघर शेजारच्या एखाद्या उपकरणाकडे बोट दाखवते. फक्त दुपारी आणि फक्त ४१ मीटरवर जाणवणारी शांतता डी थराकडे, आणि मार्चअखेरच्या रविवारपासून एकाएकी गायब झालेले केंद्र नव्या वेळापत्रकाकडे.